लांबून ऐकू येणारा बर्फ

सेंट ओडील बेटावर नाताळ सरला तरी झाड कुणी कचऱ्यात टाकत नाही. टाकलंच, तर घर तापवायचं तेल घरोघर पोचवणारी लोर्ना बोबियन त्या घरची टाकी मुद्दाम सगळ्यात शेवटी भरते, आणि वर चारचौघांत विचारतेसुद्धा, "काय रे, झाड खाल्लंत की काय?" त्यामुळे झाडं सगळी मुकाट्यानं धक्क्यावर येऊन पडतात. कुणाच्या फांदीत चंदेरी झालर अडकलेली असते, कुणाच्या शेंड्यावर मुलांनी केलेला कागदी तारा तसाच राहिलेला असतो. फेरीबोट तोवर बंद झालेली असते. दवाखाना पलीकडच्या किनाऱ्यावर, बाजार पलीकडे, अर्ध्याअधिक बेटाचे नातेवाईक पलीकडे. आणि मधे सुपीरियर सरोवराचा तो चार मैलांचा पट्टा, ना धड पाणी ना धड बर्फ.

मग एखाद्या सकाळी ड्वेन लाफ्रेनिएर बर्फावर उतरतो. हातात मोटरवालं गिरमिट, पाठीमागे झाडांनी लादलेली घसरगाडी. तो भोक पाडतो, आकडी असलेली पट्टी आत सोडतो, आकडी बर्फाच्या खालच्या कडेला अडकली की वर आकडा वाचतो. जाडी पुरेशी असली की त्याच भोकात एक झाड उभं करतो आणि पुढे सरकतो. असं करत पलीकडे पोचला की मागे झाडांची एक लांबलचक रांग लागलेली असते. तीच आमची वाट. ड्वेनला या कामावर कुणी नेमलेलं नाही, त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. पण ड्वेन "चला" म्हणाला की बेट चालू लागतं, आणि तो म्हणत नाही तोवर कुणाची माय व्याली नाही पाऊल टाकायची.

कोरिन ही ह्या ड्वेनची एकुलती एक पोरगी. पलीकडच्या विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नुसती पदवी घेऊन गप्प बसली असती तर बापाला काही म्हणायचं नव्हतं. पण हिनं ऑनर्स घेतलं. ऑनर्स म्हणजे काय हे तिनं लोर्नाला तेल भरता भरता समजावलं होतं. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही असा एक प्रश्न घ्यायचा, दोन वर्षं त्याच्यामागे लागायचं, प्रबंध लिहायचा आणि तीन प्राध्यापकांपुढे उभं राहून तो पटवून द्यायचा.

"उत्तर कुणालाच माहीत नाही म्हणतेस," लोर्ना म्हणाली, "मग बरोबर की चूक ते ठरवणार कोण, माझं कपाळ?"

कोरिन हसली होती. पण प्रश्न खरोखरच तोच होता, आणि तो तिला पुढे चांगलाच भोवणार होता.

तिनं घेतलेला प्रश्न असा: बर्फाला भोक न पाडता, नुसता आवाज ऐकून त्याची जाडी सांगता येईल का?

हे खूळ तिच्या डोक्यात आलं त्याला कारण होतं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती बर्फावर एकटीच चालली होती, आणि बऱ्याच लांबवर कुणीतरी मासेमारीसाठी पहारीनं बर्फ फोडत होतं. पहार खाली आली की कोरिनला ठक्क असं ऐकू यायला हवं होतं. पण ऐकू आला तो सूर. स्वच्छ, एकच, लांबून सरपटत आलेला सूर, आणि तो पायाखालून निघून गेला. ती जागच्या जागी थांबली. पुन्हा पहार आली, पुन्हा सूर. अंगावर काटा आला तिच्या. लहानपणापासून ह्या बर्फावर खेळलेली पोर ती, पण हे तिला आजवर कसं ऐकू आलं नव्हतं? नंतर तिला कळलं, की जवळ उभं राहिलं तर ऐकू येतच नाही. ठोका बसतो तिथे सगळे आवाज एकदमच निघतात, एकमेकांत मिसळलेले, आणि कानाला फक्त 'धप्प' लागतं. बर्फातून लांब जाता जाता ते सुटे होतात, आणि हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातला एक सूर वेगळा मिळतो. पातळ बर्फाचा सूर उंच, जाड बर्फाचा खाली. मोजायला माणूस नाही, यंत्र नाही, काही नाही, बर्फ आपण होऊन आपली जाडी सांगतो! ह्या गोष्टीचं तिला इतकं नवल वाटलं की महिनाभर ती दुसरं काही बोलत नव्हती.

दोन हिवाळे तिनं ठोके मोजले. सुट्टीच्या दिवशी बाप हातोडा मारायचा आणि ती लांब मायक्रोफोन लावून उभी राहायची. ड्वेन हातोडा जोरात मारायचा, पोरीसाठी मारायचा, पण त्याला मनातून पटलेलं कधीच नव्हतं.

"मला तर धप्प सोडून काही ऐकू येत नाही," तो म्हणायचा. "तुझ्या त्या कॉम्प्युटरात काय वाजतं ते तुलाच ठाऊक."

"कॉम्प्युटरात नाही वाजत, बाबा. बर्फात वाजतं."

"बरं बाई. बर्फात."

बहुतेक ठिकाणी तिचा सूर आणि बापाचं गिरमिट एकच जाडी सांगायचे, बोटभराचा फरक सोडला तर. ह्या वर्षी जानेवारीत ड्वेननं वाट उघडली त्या दिवशीही ती घरी होती. बापानं भोक पाडायचं, झाड लावायचं, हातोडा मारायचा आणि तिनं लांबून आवाज टिपायचा, असं करत दोघं पलीकडे पोचली. बेटावर त्या संध्याकाळी सगळ्यांनी हरणाच्या मांसाची तिखट रस्सेदार चिली हाणली, ड्वेनच्या पाठीवर थापा पडल्या. आणि कोरिननं वर आपल्या खोलीत नोंदी उघडल्या तेव्हा तिला दिसलं, की बेटाच्या टोकाच्या आडोशाला जी तीन झाडं लागली आहेत, तिथे गोंधळ आहे. बापाच्या पट्टीवर चौदा इंच. तिच्या सुराप्रमाणे जेमतेम पाच.

तिनं मायक्रोफोन बदलला. हातोडा बदलला. गणित पहिल्यापासून तपासलं. नंतर दोनदा येऊन, लांब मायक्रोफोन मांडून आणि स्वतःच ठोके मारून, त्याच तीन झाडांपाशी पुन्हा ऐकलं. बर्फ आपला पाच इंचांवर अडून बसलेला. शेवटी तिनं प्रबंधात ह्या तीन नोंदींपुढे 'मापनातील दोष' असं लिहिलं आणि तो मसुदा प्रोफेसर हास यांच्याकडे दिला.

वेंडेल हास हा माणूस जात्याच कमी बोलणारा. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तीच एक लोकरी टोपी, आणि मुलांच्या मसुद्यावर शिसपेन्सिलीनं काढलेल्या बारीक रेघा. त्यांनी तिला समोर बसवलं. 'मापनातील दोष' ह्या शब्दांखाली रेघ होती, आणि ती दोनदा गिरवली होती.

"दोष कसला?" त्यांनी विचारलं.

"सापडला नाही, सर."

"मग दोष आहे हे कशावरून ठरवलंस?"

"गिरमिटानं चौदा इंच दाखवलेत ना."

हासनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे बघ कोरिन. बाकीच्या सगळ्या नोंदी जुळल्या, छान झालं. पण परीक्षक त्या बघणार नाहीत, ते ह्या तीनच बघतील. मीही तेच करीन. तुझी पद्धत कधी खरं सांगते आणि कधी खोटं हे तुला कळत नसेल, तर ती पद्धत काय कामाची? त्या तीन झाडांपाशी एकतर तुझा कान चुकतोय, नाहीतर गिरमिट चुकतंय. गुरुवारी तुझी परीक्षा आहे. तोवर मला त्याचं उत्तर हवं."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर पदवी मिळेल. ऑनर्स नाही."

ऑनर्स गेलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, पण तेवढंच असतं तर ती झोपली असती. बसमधे बसल्यावर तिचा डोळा लागला नाही तो दुसऱ्याच गोष्टीनं. गिरमिट चुकतंय असं हास अगदी सहज बोलून गेले होते, पण ते गिरमिट तिच्या बापाच्या हातात होतं. आणि त्या तीन झाडांवरून सगळं बेट येत-जात होतं. शाळेची मुलं जात होती. शनिवारी दुपारी लोर्ना तेलाची भरलेली टाकी ओढत त्याच वाटेनं परतणार होती.

शनिवारी सकाळी तिनं बापाला बर्फावर नेलं. ड्वेन कुरकुरला, पण थर्मास आणि मटणाचं सारण भरलेल्या दोन पेस्ट्या बरोबर घेऊन निघाला. आकाश निळंशार, वारा पडलेला, नाकातला श्वास गोठेल अशी थंडी. चंदेरी झालरीच्या झाडापाशी दोघं थांबली. कोरिननं फावड्यानं बर्फाचा वरचा भुगा दूर केला.

"परत मोज," ती म्हणाली.

ड्वेननं गिरमिट चालू केलं. मोटर कर्कश ओरडली, पातं सपकन खाली गेलं, पाणी वर उसळलं. एक घोट कॉफी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. आकडीची पट्टी खाली गेली, वर आली.

"चौदा," ड्वेन म्हणाला. "थोडं वरच. ट्रक घाल हवा तर."

"माझ्याकडे पाच येतात."

"मग तुझं यंत्र गारठलंय. काखेत धर थोडा वेळ."

"बाबा, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही." त्याचा आवाज चढला. "सव्वीस हिवाळे, कोरिन! सव्वीस हिवाळे मी ह्या बर्फावर माणसं घालतोय. एक बूट भिजलेला नाही कुणाचा. आणि तू मला सांगतेस की मला चौदा आणि पाच कळत नाहीत? हे भोक दिसतंय ना? ही पट्टी दिसतेय ना? का ह्याच्यात पण काही वाजतंय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथेच गोठायला लागलं. तिनं हातमोज्यानं डोळे पुसले. मग तिच्या लक्षात आलं, की दोन हिवाळे तिनं ह्या माणसाच्या हातात हातोडा दिला होता आणि स्वतः लांब जाऊन उभी राहिली होती. त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. ऐकू येण्यासारख्या जागी तो एकदाही उभा राहिला नव्हता.

"आण तो हातोडा इकडे," ती म्हणाली. "आणि तू जा. त्या पलीकडच्या झाडापाशी जाऊन उभा राहा."

"कशाला?"

"जा म्हणते ना!"

ड्वेन गेला. पाय आपटतच गेला. आधी ती जरा मागे, जिथे गिरमिटाचं आणि सुराचं पटत होतं तिथल्या झाडापाशी गेली आणि गुडघ्यावर बसून तिनं ठोका मारला. तिला स्वतःला धप्प एवढंच ऐकू आलं. मान वर करून तिनं बघितलं. बाप लांबवर कंबरेवर हात ठेवून उभा होता. आता त्याचे हात खाली आले.

तिनं आणखी एक ठोका मारला. ड्वेननं टोपी काढली. एवढ्या थंडीत, कान उघडे टाकून, तो डोकं एका बाजूला कलवून उभा राहिला. नुसता हात हलवला त्यानं, परत मार म्हणून. तिनं परत मारला. त्यानं परत हात हलवला. हे किती वेळ चाललं कोण जाणे. हातोडा मारून तिचा खांदा भरून आला तरी त्याचं पोट भरेना.

शेवटी तो तिच्या दिशेनं दोन पावलं आला आणि ओरडला, "हे असं नेहमीच होतं?"

"नेहमीच!"

"आयला!" ड्वेन म्हणाला. ह्या बर्फावर त्याचं अख्खं आयुष्य गेलं होतं.

मग ती झालरीच्या झाडापाशी आली. त्यालाही तेवढ्याच अंतरावर उभं केलं आणि ठोका मारला.

ह्या वेळी तिला त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. सूर तिला ऐकू आला नाही, पण तो कसा आहे हे तिला पाठ होतं. उंच, बारीक, काचेच्या पेल्याच्या कडेवर टिचकी मारावी तसा. ड्वेन चालत तिच्यापर्यंत आला. येताना तो पाय अलगद टाकत होता, आणि आपण अलगद टाकतोय हे त्याचं त्याला कळलंही नसावं.

"हा वेगळा आहे," तो म्हणाला.

"हो."

"पण भोक मी पाडलंय. पट्टी खोटं बोलत नाही."

"सूरही नाही बोलत, बाबा."

तो त्या भोकाकडे बघत राहिला. रागावला होता, पण आता तो राग पोरीवर नव्हता. "कापून बघू," तो म्हणाला आणि घसरगाडीवरची मोटरची करवत काढायला गेला.

त्यानं बर्फात चौकोन कापला. करवत आत जाताना मधेच एकदम हलकी झाली, हिसका बसला, आणि ड्वेन थबकला. चौकोन पुरा कापून झाल्यावर दोघांनी लोखंडी चिमटे लावले आणि ओढलं. चौदा इंचांचा ठोकळा निघायला मनुष्यबळ लागतं, आणखी दोघांना हाक मारावी लागते. हा मात्र फटकन निघाला आणि कोरिन मागच्या मागे आपटली. हाताच्या पंज्याएवढी जाड लादी होती ती. पाच इंच.

तिच्या खाली पाणी होतं. काळंभोर, स्थिर, वाफाळणारं पाणी. ड्वेननं पालथं पडून कोपरापर्यंत हात आत घातला आणि त्याच्या बोटांना तळाशी आणखी एक बर्फ लागला.

कोरिनही त्याच्याशेजारी पालथी पडली, आणि दोघं त्या चौकोनात बघत राहिली. उन्हाची तिरीप आत गेली आणि खालचा तो दुसरा बर्फ करड्या रंगाचा दिसू लागला, त्यावर गोठलेले बुडबुडे, ओळीनं. वर एक सरोवर, त्याच्या पोटात दुसरं, आणि ह्या दोघांमधे कुणालाही न दिसणारं पाणी, आठवडेच्या आठवडे मुकाट पडलेलं. कोरिनला भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी तिला एवढंच वाटलं, की हे इथं असं आहे हे जगात फक्त त्या एका सुराला माहीत होतं, आणि तो कधीचा सांगत होता.

कारण तिथेच कळलं, दोघांनाही. जानेवारीच्या सुरुवातीला जी हिमवादळं झाली, त्यांचा सगळा भुगा बेटाच्या टोकाच्या आडोशाला साचला होता. त्याच्या ओझ्यानं कोवळा बर्फ खाली दबला, फटींतून पाणी वर आलं, आणि थंडीनं फक्त वरची साय गोठली. जुन्या दिवसांत ड्वेन पहारीनं भोक पाडायचा तेव्हा पहार पाण्यात घुसल्याचं हाताला कळलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी त्यानं मोठ्या हौसेनं हे मोटरवालं गिरमिट घेतलं होतं. ते सगळे थर एका दमात पार करायचं, आणि आकडी जाऊन अडकायची ती अगदी खालच्या कडेला. मधलं पाणीही बर्फ म्हणून मोजलं जात होतं.

ड्वेन उठला. त्याची बाही कोपरापर्यंत गोठून ताठ झाली होती. त्यानं खिशातून रेडिओ काढला.

"लोर्ना, कुठे आहेस?"

"पलीकडच्या धक्क्यावर," रेडिओतून लोर्नाचा आवाज आला. "टाकी भरली, निघालेच. काय रे, माझी आठवण काढून रडतोयस की काय?"

"निघू नकोस. वाट बंद."

"काय? अरे डोकं फिरलंय का तुझं? कालच तर सगळी येऊन गेली! बेटावर लोकांच्या टाक्या खडखडल्यात, ड्वेन. कुणी सांगितलं बंद?"

ड्वेननं कोरिनकडे बघितलं. "बर्फानं," तो म्हणाला, आणि रेडिओ बंद केला.

त्या दिवशी दुपारी आणि रविवारी दिवसभर वाट हलवायचं काम चाललं. बेटावरच्या लोकांनी आधी तोंडं वाकडी केली. मग त्या चौकोनात वाकून बघितलं आणि त्यांची तोंडं मिटली. ज्यानं त्यानं एकेक झाड खांद्यावर घेतलं. ड्वेन ठोके मारत पुढे गेला, कोरिन लांबून ऐकत गेली, आणि तिचा हात वर झाला की तिथे झाड उभं राहिलं. आडोसा सोडून वाट मोठं वळण घेऊन गेली. लोर्ना रविवारी उतरत्या उन्हात टाकी ओढत आली ती थेट कोरिनपाशी थांबली.

"मला सांग," ती म्हणाली, "माझ्या खाली काय वाजत होतं?"

"खूप उंच सूर, लोर्ना मावशी."

लोर्ना एरवी कुणाला शेवटचा शब्द बोलू द्यायची नाही. ती गाडी चालू करून निघून गेली.

गुरुवारी विद्यापीठातल्या एका साध्याच वर्गात कोरिन तीन प्राध्यापकांपुढे उभी राहिली. मागच्या बाकांवर दोन-चार वर्गमित्र होते, आणि सगळ्यात शेवटच्या बाकावर, बर्फावरचेच कपडे घालून, टोपी मांडीवर ठेवून ड्वेन बसला होता. तो नव्या वाटेनं चालत आला होता.

तिनं आलेख दाखवले, गणित मांडलं, आणि मग वर्गातले दिवे मालवून आवाज लावले. आधी जाड बर्फाचा. मग मधला. मग त्या तीन झाडांचा. तिघा प्राध्यापकांपैकी एक बाई मघापासून कागद चाळत होत्या, त्यांचे हात थांबले. "परत लावतेस?" त्या म्हणाल्या. तिनं परत लावला. भिंतींवरून तो बारीक सूर फिरला आणि गेला. मग तिनं कापलेल्या चौकोनाचा फोटो लावला. वरची लादी, मधलं पाणी, खालचा बर्फ. प्रोफेसर हास खुर्चीत पुढे सरकून बसले होते. 'मापनातील दोष' हे शब्द तिनं प्रबंधातून काढून टाकले होते आणि तिथे दोन थरांचं कारण नीट लिहिलं होतं. प्रश्न झाले, कठीण झाले, पण तिला उत्तरं येत होती.

शेवटी, रीत म्हणून, हास मागे बघून म्हणाले, "बाहेरच्या कुणाला काही विचारायचं आहे?"

असं म्हणतात, आणि कुणी काही विचारत नाही. ड्वेननं शाळकरी मुलासारखा हात वर केला.

"ते मधलं पाणी," तो उभा राहून म्हणाला, "कधीपासून होतं तिथे?"

आवाजावरून नक्की सांगता येत नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. "वाट उघडली त्या दिवशी होतं," ती म्हणाली. "माझ्या पहिल्याच नोंदीत आहे."

"म्हणजे मी चला म्हणालो तेव्हा ते होतं."

"हो."

"आणि तू ते त्याच दिवशी ऐकलंस."

"ऐकलं."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

हास तिच्याकडे बघत होते. तिघंही बघत होते.

"मला वाटलं माझंच चुकतंय," कोरिन म्हणाली. "तू चौदा म्हणाला होतास ना, बाबा."

ड्वेननं मान खाली घातली. नंतर त्यानं हनुवटीनं टेबलावरच्या प्रबंधाकडे खूण केली.

"हे त्यात लिहिलंयस?"

"नाही."

"मग लिही," ड्वेन म्हणाला, आणि खाली बसला.

प्राध्यापक बाहेर जाऊन पाचच मिनिटांत परत आले. ऑनर्स मिळालं होतं. फक्त हास म्हणाले की एक परिच्छेद बाकी आहे, तो आला की मी सही करतो. कोरिन तिथेच, त्याच वर्गात, लिहायला बसली. बाप मागच्या बाकावर थर्मासातली कॉफी पीत थांबला.

तिनं लिहिलं: 'तीन ठिकाणी ध्वनीवरून मिळालेली जाडी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. ती दोष समजून बाजूला ठेवण्यात आली, कारण मोजणारीचा गिरमिटावर अधिक विश्वास होता.' मग तिनं 'गिरमिटावर' हा शब्द खोडला आणि त्याजागी 'वडिलांवर' असा शब्द घातला.

हासनी तो कागद वाचला. इंजिनिअरिंगच्या प्रबंधात असलं काही लिहीत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. शिसपेन्सिल त्यांच्या हातातच होती. ती त्यांनी खिशात ठेवली, पेन काढलं, आणि सही केली.